महिन्यातून एकच

मंगळवारी दुपारी माझा भाऊ देवानंद अड्याळच्या घरी जेवायला बसला. त्यानं पाणी मागितलं. त्याची बायको सुनीता पाणी घेऊन आली, तेव्हा तो गेला होता.

एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ‘तारेखालची गावं’ या त्याच्या ब्लॉगवर मीच ते कळवलं होतं, चार ओळींत. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तेव्हा मला धीर दिला. एकीनं तर लिहिलं होतं, ‘तुमच्यासारखी बहीण होती म्हणून आम्हाला देवानंदभाऊ वाचायला मिळाले.’ ते वाक्य मी वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. का मिटला, ते आजवर कुणाजवळ बोलले नाही. सुनीताजवळ नाही. देवानंदच्या फोटोसमोर एकटी बसलेली असतानाही नाही. अठ्ठावीस वर्षं भंडाऱ्यात मुलांना मराठी शिकवलं मी, निबंध कसा सुरू करावा ते शिकवलं — आणि हे सुरू करायला मला इतके महिने लागले.

कुठून सांगू? आधी ब्लॉग कसा चालायचा ते सांगते. त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

देवा लाइनमन होता, हे तुम्ही वाचलेलंच आहे. बारावीनंतर त्यानं शाळा सोडली आणि खांबावर चढला. पुस्तकं माझ्या वाट्याला आली, गावं त्याच्या. तारेच्या मागे मागे तो या जिल्ह्यातली कितीतरी गावं फिरला आणि रविवारी एका लांब वहीत लिहायला बसायचा — निळ्या पेनानं, काही न खोडता. खांबावरून दिसणारी, भाताची रोवणी चाललेली बांधी, वाकलेल्या बायांची ओळ. डोंग्यात बसून तलावातले शिंगाडे तोडणारी बाई, जिनं खालूनच विचारलं होतं, “वरून माही भाजी जळताना दिसते का रे, भाऊ?” लिहून झालं की तो वही घेऊन माझ्याकडे भंडाऱ्याला यायचा. मी टाइप करायची, शुद्धलेखन पाहायची, ब्लॉगवर टाकायची. पासवर्ड माझ्याकडे. वाचकांच्या प्रतिक्रिया माझ्याकडे येत, आणि मी मंजूर केल्याशिवाय त्या कुणालाच दिसत नसत, देवालाही नाही. ही सोय मीच करून ठेवली होती, पहिल्याच दिवशी. कुणी वेडंवाकडं लिहिलं तर म्हणून — खरंच त्याचसाठी. सुरुवातीला.

किती दिवसांनी एक लेख टाकायचा, यावर आमचं बोलणं झालं होतं. देवाचं म्हणणं साधं होतं.

“हप्त्याले एक टाक न वं, ताई. बाजार हप्त्याले भरते, कोनी कंटाळते का?”

मला ते पटलं. पहिले चार लेख आम्ही चार आठवड्यांत टाकले. चौथा होता आंधळगावच्या वाटेवरच्या एका खांबाचा. त्यात त्याचं एक वाक्य होतं — ‘खांबावरून माणसाचं डोकं आधी दिसते, चेहरा मंग.’ मी ते सुधारायला गेले होते. ‘दिसते’चं ‘दिसतं’ करून पाहिलं, ‘मंग’चं ‘मग’ केलं, आणि वाक्य मेलं. पुन्हा होतं तसं ठेवलं. त्या लेखावर तीन दिवसांत जितक्या प्रतिक्रिया आल्या, तितकी पत्रं मला आयुष्यात आली नाहीत. त्यातली एक मूळच्या सिहोऱ्याच्या, आता पुण्यात नोकरी करणाऱ्या बाईची. तिनं लिहिलं होतं, ‘असं मराठी किती वर्षांत वाचलं नव्हतं. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं, ते गप्पच झाले.’

तुम्हाला मी सांगितलं का, की मीही लिहायची? नाही सांगितलं. कसं सांगणार? माझ्या कथा पाकिटातून जायच्या आणि पाकिटातून परत यायच्या. दोन छापून आल्या, त्याही आमच्या शाळेच्या वार्षिकात, जिथं संपादक मीच होते. पुस्तकांवरचा एक ब्लॉगही होता माझा. दर आठवड्याला निष्ठेनं लिहायची. वाचणारे तीन — त्यातली एक मी. ‘असं मराठी किती वर्षांत वाचलं नव्हतं’ — हे वाक्य माझ्यासाठी कुणीतरी लिहील, याची मी वाट पाहत होते. ते आलं. पत्ता चुकला होता.

त्या रविवारी देवा वही घेऊन आला. चहा पिता पिता विचारलं त्यानं, “मंग? लोकं काय म्हणते?”

आणि मी म्हणाले — अगदी शांतपणे, वर्गात म्हणावं तसं — “चांगलं म्हणतात रे. पण दर आठवड्याला टाकलं की लोक कंटाळतात. वाचन कमी होत चाललंय तुझं. महिन्यातून एकच टाकू.”

झालं. एवढंच.

ते खोटं होतं. वाचन कमी होत नव्हतं, चौथ्या लेखाला सगळ्यात जास्त होतं. आकडे समोरच्या पडद्यावर होते. मी पडदा माझ्याकडे वळवून बसले होते.

एक खोटं एकटं राहत नाही, हे मुलांना मीच सांगायची. देवाला प्रतिक्रिया दिसत नव्हत्या, पण तुम्ही मात्र विचारू लागलात. ‘महिनाभर वाट बघवत नाही.’ ‘भाऊ, अजून लिहा.’ असल्या प्रतिक्रिया मी अडवल्या. वीस आल्या तर दोन जाऊ द्यायची — ‘छान’, ‘आवडलं’, अशा. आणि ज्यांनी फारच विचारलं, त्यांना मी ईमेलनं उत्तर दिलं. त्याच्या नावानं. ‘कामामुळे लिहायला वेळ मिळत नाही.’ त्या वेळी त्याच्या तीन-तीन लेखांची वही माझ्या टेबलावर पडलेली असायची. त्याला सांगितलं, वाचकांना नको आहे. वाचकांना सांगितलं, त्याला जमत नाही. मध्ये मी.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षं त्यानं कधी विचारलं कसं नाही? हेच मला सगळ्यात जास्त लागतं. लाइनमन तार हातात धरण्याआधी सबस्टेशनकडून परमिट घेतो. ऑपरेटर ‘लाइन बंद आहे’ म्हणाला की हा चढतो. ‘थांब’ म्हणाला की खाली उभा राहतो, ऊन असो, पाऊस असो. का थांबायचं, असा वाद घालत नाही. तिकडे बसलेल्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, एवढं तो धरून चालतो. त्या विश्वासावरच त्याचा जीव असतो. देवानं मला त्या खुर्चीत बसवलं होतं. हसत म्हणायचाही, “परमिट ताईकडे हाय, बाबा.” मी थांब म्हटलं, तो थांबला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं कदाचित भांडण केलं असतं.

एकदाच घाई केली त्यानं. अड्याळजवळच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्यावर लिहिलं होतं, ज्यानं गावात पहिला दिवा लागताना पाहिला होता. “ताई, हे जरा पह्यले टाकशीन का? बुढा लय थकला. त्याले वाचून दाखवतो म्हटलं.” मी म्हणाले, क्रमानं येईल. क्रम कुणी ठरवला होता? मीच. चार महिन्यांनी तो लेख आला. म्हातारा त्याच्या महिनाभर आधीच गेला होता. देवा आला, बसला, म्हणाला, “जाऊ दे. त्याच्या सुनेनं वाचलं. रडली बिचारी.” आणि पुढची वही माझ्यापुढे सरकवली. मी ती घेतली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? त्या दिवशीही मी पुढच्या महिन्याचीच तारीख टाकली.

मग तो मंगळवार.

पुण्यानुमोदनाला, त्याच्या शोकसभेला, अड्याळच्या घरासमोर मंडप होता. त्याच्याबरोबरीचा एक लाइनमन माइकसमोर उभा राहिला. बोलायची सवय नव्हती त्याला. “आमचा देवा तारा जोडतच राह्यला असता,” तो म्हणाला. “ताईनं त्याले लेखक केला.” मंडपातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

पंधरा दिवसांनी सुनीतानं त्याच्या सगळ्या वह्या मला दिल्या. शेवटच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं रकाने आखले होते, सबस्टेशनच्या नोंदवहीसारखे. लेखाचं नाव. ‘ताईले दिला’ — तारीख. ‘चालू झाला’, म्हणजे ब्लॉगवर आला — तारीख. ‘दिला’चा रकाना शेवटपर्यंत भरलेला. ‘चालू’च्या रकान्यात एकेचाळीस जागा कोऱ्या. कुठंही तक्रारीचा शब्द नाही, एक प्रश्नचिन्ह नाही.

दोन महिने मी ब्लॉग उघडला नाही. मग उघडला, आणि जुनाच प्रश्न समोर — किती दिवसांनी टाकायचं? सगळे एकदम टाकून मोकळं व्हावं? रोज एक? आणि मनानं हळूच हिशेब मांडला — महिन्याला एक टाकला, तर देवा अजून जवळजवळ साडेतीन वर्षं पुरेल. साडेतीन वर्षं दर महिन्याला तो येईल, वही घेऊन, चहा पिऊन जाईल. किती गोड वाटला मला तो विचार! दुःखाचाच होता, खोटा नव्हता. पण तोच हात होता. आधी हेव्यानं अडवत होते, आता मायेनं अडवणार होते. अडवणं तेच.

मी सुनीताला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा या बाबतीत कुणालातरी विचारलं.

“हप्त्याले टाका न, ताई,” ती म्हणाली. “त्यायचं तेच म्हणनं होतं. मंग मले म्हनत, ताई म्हनते लोकं कंटाळते, तं बरोबरच असन. ताईले समजते.”

ताईले समजते.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी एक लेख येतो, हे तुम्ही पाहताच आहात. पहिले तीन मी टाकले. मग अड्याळला गेले आणि सुनीताला शेजारी बसवून सगळं शिकवलं — टाइप कसं करायचं, प्रतिक्रिया कुठं येतात, काय दाबलं की काय होतं. पासवर्ड तिनं बदलला. नवा मला ठाऊक नाही. त्याच दिवशी आम्ही तीन वर्षांत अडकून पडलेल्या सगळ्या प्रतिक्रिया उघडल्या; तिला मी म्हटलं, या राहून गेल्या होत्या. ते माझं शेवटचं खोटं. ती एकेक मोठ्यानं वाचत गेली. एकानं लिहिलं होतं, ‘भाऊ, तुम्ही खांबावरून उतरूच नका.’ त्यावर ती हसली. देवा गेल्यानंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिलं. “पाहा न, कशे म्हनते! उतरूच नोका म्हनते. अन् जेवायले कोन देईन वरतं?” मग रडली, मग पुन्हा वाचायला लागली. दोघींचा चहा गार झाला.

आता लेखाखाली तिच्या दोन-दोन ओळी असतात, त्या तुम्हाला आवडतात. त्या दिवशी तो डबा विसरला होता, किंवा पायाला खरचटून आला होता. मी त्यात एक अक्षर सुधारत नाही. तिच्या दोन ओळींना तुमची दहा उत्तरं येतात, तेव्हा माझ्या आत ते जुनं काही हलतं का, हे मी बघते. हलतं कधी कधी. हलू दे. बटण माझ्या हाताखाली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी सिहोऱ्याच्या त्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘आमच्या जुन्या प्रतिक्रिया आता कशा दिसू लागल्या? भाऊंनी त्या वाचल्या होत्या ना?’ सुनीतानं मला विचारलं, काय उत्तर देऊ? मी म्हटलं, मी लिहून देते.

ते हे. नाही, बाई. त्यानं त्या वाचल्या नव्हत्या. तुमच्या वडिलांचं गप्प होणं त्याला कधी कळलं नाही. त्याला मरतेवेळीही असंच वाटत होतं, की लोकांना तो महिन्यातून एकदाच पुरे होतो. हे माझ्यामुळं. वेळ नसल्याचं त्यानं तुम्हाला कधीच लिहिलं नव्हतं. ते शब्द माझे.

हा मजकूर मी उद्या अड्याळला नेऊन सुनीताच्या हातात देईन. ती वाचेल तेव्हा मी तिथंच बसेन. तो टाकायचा की नाही, आणि कधी, हे ती ठरवेल. तुम्ही वाचत असाल, तर तिनं ठरवलं.

देवाचे तेवीस लेख बाकी आहेत. ते सुनीताजवळ आहेत.