आईच्या पातळाची पट्टी

पुलाखालच्या मावशीकडं लेकरू ठेवायचं तर तिची एकच अट असायची. आईनं नेसून जुन्या झालेल्या पातळाची पट्टी फाडून द्यायची, आणि तीही न धुतलेली. पट्टीचं एक टोक लेकराच्या कमरेला, दुसरं पुलाच्या खांबाला. आईचा वास नाकाशी असला की लेकरू रडत नाही, असं तिचं म्हणणं. आम्ही तरी रडायचोच. मग ती दटावायची, "काहून रडून राहिली गं? माय कामाला गेली, येईल की."

नव्वदनंतरची ती वर्षं. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याकडची आम्ही काही कुटुंबं शहरातल्या त्या पुलाखाली राहायचो. आई सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहायची. कडेवर पोर दिसलं की मुकादम तोंड फिरवायचा. काम नाही तर चूल नाही. आणि कामाला जावं तर लेकरू टाकावं कुठं? दाराला कडी असलेल्या माणसांना ही तकलीफ सांगून कळायची नाही.

मावशी आमच्याच सेनगावकडची, आधी बिगारीकाम करायची. तिची पोरगी एकदा बांधकामावरून भरकटली, ती थेट दिवेलागणीला सापडली. त्यानंतर मावशी अड्ड्यावर गेलीच नाही. पोरगी पुढं नांदायला गेली, मावशी मात्र आमची लेकरं राखत राहिली. प्रत्येक चुलीवरची एक भाकरी तिची. पण करपलेली असली तर खुशाल परत पाठवायची, एवढा तोरा!

एका दुपारी पुलाखालची वस्ती उठवायला गाडी आली. आया सगळ्या कामावर. भांडी, गाठोडी, पांघरुणं भराभर गाडीत गेली. मावशीची पत्र्याची पेटीही गेली. पोरीच्या लग्नातलं पातळ होतं त्यात. मागोमाग चल आणि पेटी सोडवून घे, असं गाडीवरचा माणूस तिला सांगत होता. तिनं आम्हाला खांबापासून सोडलं, सगळ्या पट्ट्या स्वतःच्या कमरेला बांधल्या आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसली.

"पेटी जाऊ द्या," ती म्हणाली. "यांच्या आया येतील तवा लेकरं इथंच दिसली पायजेत."

संध्याकाळी आई आली, तेव्हा पूल पार मोकळा झाला होता. ती जी धावत सुटली, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिनं मला उचललं नाही, आधी मावशीच्या गळ्यात पडली. मावशीनं तिला बाजूला केलं आणि पोरीला पाणी पाज म्हणाली.

पुढं आईला वसमतला हळदीचं काम मिळालं आणि आम्ही निघालो. मावशीनं माझी पट्टी सोडून आईच्या हातात ठेवली. असू द्या, दुसऱ्या लेकराला होईल, असं आई म्हणाली.

"दुसऱ्या लेकराला तुझा वास काय कामाचा, बाई?"

मी आता कळमनुरीजवळच्या एका अंगणवाडीत आहे. नवं लेकरू फारच रडायला लागलं तर त्याच्या आईची ओढणी मागून घेते. बऱ्याचदा थांबतं रडायचं.

नोकरी लागल्यावर एकदा त्या पुलाखाली जाऊन आले. मावशी नव्हती. विचारावं तर तिचं नावही मला ठाऊक नव्हतं, आणि मावशी म्हटल्यावर कुणाला काय कळणार? आईच्या पातळाची ती पट्टी मी जपून ठेवली आहे. मावशीच्या पातळाचा एक धागाही माझ्याकडं नाही.