मंगलकाकूंचं सायन्स

स्टाफरूममध्ये चहा आला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. "मॅडम, रविवारचं काय नवीन?" पाटसजवळच्या आमच्या शाळेत मी दर रविवारी बायकांना सायन्स शिकवते. बाहेरून दहावीला बसलेल्या या बायका वर्गात येतात, फळ्याकडे बघतात आणि काहीतरी बोलतात. मी काही जमवायला जात नाही हो, किस्से आपोआप साठतात!

त्यातल्या मुख्य म्हणजे मंगलकाकू. साखर कारखान्यात उसाच्या रसाच्या बाटल्या लॅबपर्यंत पोचवायचं त्यांचं काम. लॅबमध्ये टेस्टिंगच्या टेबलावर बसायचं तर दहावी पास पाहिजे. बाकी विषय त्यांचे कधीच सुटलेत, फक्त सायन्स राहिलंय. "औंदा सोडवायचंच!" पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम दिल्यासारखं सांगितलं.

*

पहिला धडा अणूचा. मी म्हटलं, "अणू डोळ्यांना दिसत नाही, पण असतो."

काकूंच्या शेजारी बसणाऱ्या, झेंडूवाल्या ताराबाई लगेच म्हणाल्या, "व्हय की! आमच्या वस्तीवरच्या पान्याच्या टँकरसारखा!"

वर्ग इतका हसला की अणू तिथंच राहिला.

*

पुढच्या रविवारी रेणू आणि संयुग. "हायड्रोजन स्वतः पेटतो, ऑक्सिजन दुसऱ्याला पेटायला मदत करतो. आणि दोघांचं मिळून होतं पाणी, ज्यानं आपण आग विझवतो!" मी मोठ्या रंगात येऊन सांगितलं.

ताराबाईंनी वही मिटली. "काय बी सांगू नका मॅडम! एक पेटनारी, दुसरी पेटवनारी. असल्या दोघी जावा एका घरात आल्यावर पानी हुतंय व्हय?"

मी खडू ठेवला आणि पाणी प्यायला गेले.

*

मिश्रणाचं उदाहरण घरून आणायला सांगितलं, तर सगळ्याजणींनी चिवडाच आणला! काकूंना मोपेडवरून आणून सोडणारे त्यांचे सासरे, आबा, व्हरांड्यात बसायचे. ताराबाईंनी एक डबा त्यांच्या हातात दिला.

मी फळ्यावर लिहिलं, 'मिश्रणातले घटक साध्या पद्धतीनं वेगळे करता येतात.' वळून बघते तर आबांनी डबा पुढं केलेला. त्यात नुसते पोहे!

"झालं की वेगळं," आबा म्हणाले. "शेंगदानं गेलं पोटात."

*

पहिली वीस मूलद्रव्यं काकूंनी ताराबाईंकडं झेंडू तोडता तोडता पाठ केली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, असं तालात चालायचं. शेजारच्या रानात उत्तर प्रदेशातला रामदुलार ट्रॅक्टरवर होता. त्यानं एकदा विचारलं, "काकी, ये कौन से भगवान का जाप है?"

"सायन्सवाले भगवान का!" काकू म्हणाल्या. "जल्दी पावत न्हाई."

*

आणि खरंच पावला नाही. सराव परीक्षेत काकू सपशेल नापास झाल्या. पेपर हातात देताना मलाच कसंतरी झालं. वाटलं, आता या काही पुन्हा येत नाहीत.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, पेपर उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "पाचटानं हात चिरतोय म्हणून ऊस कोन सोडतंय का? कोरा पेपर द्या. हितंच बसते."

वर्ग सुटला, ताराबाई गेल्या, तरी काकू लिहीत होत्या. मला त्या बाईचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

*

पण खरी मजा प्रॅक्टिकलला. मीठ आणि वाळू यांचं मिश्रण वेगळं करायचं. पाण्यात ढवळायचं, गाळायचं, मग पाणी आटवायचं. कागदावर वाळू राहते, चिनी मातीच्या बशीत मीठ. परीक्षक येऊन दोन्ही बघणार आणि मार्क देणार.

काकूंचा प्रयोग सगळ्यात आधी झाला. बशीत पांढरंशुभ्र मीठ! मी खूश होऊन परीक्षकांच्या चहाचं बघायला गेले.

परत आले तर काकूंचं टेबल लख्ख. बशी घासलेली, काचेची भांडी धुऊन पालथी घातलेली, गाळणकागद कचऱ्यात. आणि समोर परीक्षक उभे.

"प्रयोग कुठाय?"

"आवरला की, सर," काकू म्हणाल्या. "पाव्हना यायच्या आत वटा आवरायची सवय हाय."

"अहो, मग मीठ?"

"मोरीत."

प्रॅक्टिकलचे मार्क गेले की काकूंचं सायन्स पुन्हा राहिलं, आणि लॅबचं टेबलही. काकूंच्या ते ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी पेन खिशाला लावलं. "मला नाही थांबता येणार. दौंडची शेवटची एसटी आहे माझी."

काकूंनी स्टूल ओढलं, पदरानं पुसलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"बसा सर. सैपाक आवरल्यावर पाव्हना आला तरी आमच्यात त्याला उपाशी लावून देत न्हाईत. परत मांडते."

"अहो, पण माझी एसटी..."

व्हरांड्यातून आबा उठले. "तुमी बसा. यष्टी म्या धरतो!"

आबांची मोपेड फाट्याकडं गेली. काकूंनी मीठ-वाळू परत पाण्यात ढवळून गाळली आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. थोड्या वेळानं फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजायला लागला, तो वाजतच राहिला. परीक्षक स्टुलावर बसून बशीतल्या पाण्याकडं बघत होते.