डोंगरावरचं लाल औषध

दाजी गेल्याचा अक्काचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. अक्कासाठी जीव तुटला, पण दाजींसाठी... खोटं कशाला बोलू? महिना झाला आता. जो तो त्यांच्याबद्दल गोड बोलतोय. दिलदार होते म्हणे, हौशी होते म्हणे. हौशी तर होतेच! त्यांच्या हौसेपायी माझ्या घराचं काय झालं, ते मात्र कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहिते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळवणच्या वर, डोंगरमाथ्यावर त्यांचा द्राक्षाचा मळा. खायची द्राक्षं सोडून त्यांनी वाइनच्या काळ्या द्राक्षांचा नाद धरला आणि घरामागच्या खोलीत लाकडी पिंपांत वाइन मुरवायला लागले. सुरतेला आमच्याकडे आले की तेच पुराण. उंचावर दिवसा ऊन कडक, रात्री गारठा, त्यानं साल जाड होते, सगळा रंग नि तुरटपणा सालीतूनच उतरतो, वाइनला अंग येतं, म्हणजे ती भरीव लागते... आमचे कान किटले होते. लिंबायत वस्तीतल्या दोन खोल्या, बाहेर लूमचा खडखडाट, राज्यात दारूबंदी, आणि हे आपले वाइनच्या अंगाचं कौतुक सांगतायत. त्यात माझे सासरे लूमवर कामाला असताना पोटलीपायी गेलेले. पोटली म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली, चोरून विकतात ती दारू. त्यांच्यामागे सासूबाईंनी रॉकेलसाठीसुद्धा दारूची रिकामी बाटली घरात येऊ दिली नाही. दाजींना हे चांगलं माहीत होतं.

प्लेगची पळापळ होऊन गेली, त्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाई तापातून उठल्या आणि अगदी गळून गेल्या. दाजी द्राक्षासवाच्या बाटल्या घेऊन आले. वैद्याचं लेबल, बूच, सगळं जागच्या जागी. संध्याकाळी अर्धी वाटी द्या म्हणाले. मी माझ्या हातानं रोज देत होते. त्यांना ते मानवलं. चेहऱ्यावर तजेला आला, भाकरी मागून खायला लागल्या. दाजी आले की मला खोदून खोदून विचारायचे, तुरट लागतं म्हणतात का, घसा धरतो का, चव तोंडात राहते का. मला वाटायचं, केवढी काळजी या माणसाला.

माझ्या मुलाच्या जावळाला, भरल्या घरात, त्यांनी स्वतःच ते फोडलं. कुणीतरी चेष्टा केली, तुमची ती वाइन खरंच कुणी पितं का हो? झालं, दाजींना राहवेना. "या आत्यांना विचारा," सासूबाईंकडे बोट करून म्हणाले. "सगळा हिवाळा त्या माझीच वाइन प्यायल्यात. जिनं कधी घेतली नाही तीच जीभ खरं सांगते."

लोक हसले. सासूबाई उठल्या, मोरीत गेल्या आणि घशात बोटं घालून ओकल्या. मी पाणी घेऊन धावले तर त्यांनी तांब्या बाजूला सारला.

"तुना हातनं पानी बी नको माले," एवढंच बोलल्या.

दाजींना काही वाटलं? छे! द्राक्षासवात तरी दुसरं काय असतं, तेही मुरवलेलंच, असा वाद माझ्या नवऱ्याशी घालत बसले. अहो, असेल मुरवलेलं. पण वैद्याचं म्हणून माणूस ते डोळे मिटून घेतो. तुम्ही त्या विश्वासात तुमचं पिंप ओतलंत! उरलेल्या बाटल्या मी त्यांच्यादेखत मोरीत रिकाम्या केल्या, तर हा माणूस वाइनसाठी हळहळला. सासूबाईंनी मात्र मनात पक्कं धरलं, की मीही त्यात सामील होते. मी शपथा घेतल्या, नवऱ्यानं समजावलं, काही उपयोग झाला नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा वेगळा स्टोव्ह पेटायला लागला, माठ वेगळा झाला. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी वर्षानुवर्षं तशाच वावरलो. मी बनवलेला घासभर वरणभात त्यांनी पुन्हा कधी खाल्ला नाही.

पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हाही पाणी मुलाच्याच, म्हणजे माझ्या नवऱ्याच्याच हातून. एका दुपारी तो सुरतेजवळच्या सचिन गावी मिलमध्ये कामाला गेलेला, घरात मी एकटी. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"ते लाल औषध शे का थोडं?"

नाही हो, तेव्हाच ओतून दिलं, म्हटलं.

"चांगलं व्हतं ते... पोटमा ऊब ये," म्हणाल्या.

मी पाण्याची वाटी ओठांना लावली. प्यायल्या. माझ्या हातून. त्याच आठवड्यात गेल्या.

दाजी समाचाराला आले, अक्काचं बोलून झाल्यावर सांत्वनाचे चार शब्द बोलले आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, म्हातारी चवीबद्दल कधी काही बोलली का? मी नाही म्हटलं. मग दर दिवाळीला तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. शेवटी इस्पितळातही नळ्या लावलेल्या असताना त्यांनी तेच विचारलं, आणि मी तेच सांगितलं. त्या माणसाला जन्मभर एका खऱ्या जिभेचा शब्द हवा होता, आणि तो माझ्यापाशी होता. मी दिला नाही, आणि त्याचा मला पस्तावाही नाही. आता लिहिते आहे, कारण आता ते वाचणार नाहीत.