भिंगरीची गिटार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने खरं तर थंड डोक्याचं असावं. अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर एक अख्खी खोली लटकलेली, आणि आपण खाली वाकून एकेक बोल्ट तपासायचा, हे घायकुतीला येणाऱ्याचं कामच नव्हे. पण हा माणूस जन्मभर तेच करत आला आणि तरीही एका जागी पाच मिनिटं बसला तर शपथ. जेवताना उठायचा, बोलताना उठायचा, केस कापताना मान इतकी फिरवायचा की न्हावी वैतागून म्हणायचा, "आता कान गेला तर मला बोलू नका." कामावरच्या मंडळींनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं आणि ते त्याला असं चिकटलं की बायकोच्या माहेरचेही तेच म्हणू लागले.

गंमत म्हणजे कामावर त्याच्या हातून एकही काम कधी अर्धवट सुटलं नाही. बोल्ट हाताला जाईल तेवढा आवळायचा आणि मग वर आणखी एक पिळा द्यायचा, हा त्याचा शिरस्ता. "सैल बोल्ट म्हणजे कुणाचा तरी जीव," असा दम तो नव्या मेकॅनिकांना भरायचा. घरात मात्र सगळा उलटा कारभार. मुलीसाठी करायला घेतलेल्या झोपाळ्याला दोर होते, फळी नव्हती. पुस्तकांच्या कपाटाला फळ्या होत्या, पाठ नव्हती. लहानपणी मुलगी रोज मागे लागायची, "बाबा, कधी होईल?" आणि हा रोज सांगायचा, "उद्या." पुढे कधीतरी तिने विचारणं सोडून दिलं. "असू दे," म्हणायला लागली. आता ती पंचविशीच्या घरात होती आणि अजूनही काही अर्धं राहिलं की शांतपणे म्हणायची, "असू दे बाबा." ते दोन शब्द भिंगरीला झोंबायचे. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटायचं.

निवृत्त झाल्यावर तर त्याचा पाय घरात ठरेना. इमारतीची लिफ्ट हलली की हा कान टवकारून बसायचा. "तिसऱ्या मजल्यावरचं दार घासतंय," म्हणायचा आणि खाली जाऊन उगाच दोनदा वर-खाली करून यायचा. त्यातच मुलीला दूरच्या गावी शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली. इथे ती जी गिटार वाजवायची ती क्लासची होती, जाताना परत करायची होती. ते कळलं त्या दिवशी जेवायच्या टेबलावर भिंगरीने जाहीर करून टाकलं, "तिला गिटार मी करून देणार. स्वतःच्या हाताने."

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. "अहो, आधी त्या कपाटाला पाठ लावा."

"कपाट वेगळं, हे वेगळं."

मुलगी नुसती हसली. कधी होईल, हे तिने विचारलं नाही. भिंगरीने ते बरोबर टिपलं. ती निघायच्या आत गिटार पुरी करायची आणि तिच्या हातात द्यायची, हे त्याने त्याच घटकेला मनाशी पक्कं केलं.

त्याने मागवलेलं गिटारच्या सुट्या भागांचं खोकं आलं. त्यात कागदासारखी पातळ वरची फळी, मधोमध गोल भोक पाडलेली. वाफेने वाकवून ठेवलेल्या दोन कडा. पाठ, दांडी, आतून आधार द्यायच्या काड्या, तारांच्या खुंट्या, रबरी पट्टे आणि एक बारीक अक्षरातलं माहितीपत्रक. भिंगरीने पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पानोपानी एकच गोष्ट लिहिली होती: गोंद लावा आणि थांबा.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," तो पुटपुटला.

"मग परत पाठवा," बायको म्हणाली. तेवढं एक वाक्य त्याला इरेला पेटायला पुरलं.

काड्या फळीला चिकटवल्यावर वर वजन ठेवायचं होतं. त्याने पिठाचा डबा ठेवला, साखरेचा ठेवला आणि दर थोड्या वेळाने एकेक डबा उचलून खाली डोकावू लागला. शेवटी बायकोने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि भाजी निवडायच्या निमित्ताने पहारा दिला. "पीठ हवं असेल तर मला मागा," तिने बजावलं. कडा पाठीला जोडल्या तेव्हा खोक्यातले रबरी पट्टे आडवेतिडवे गुंडाळायचे होते. रबराला फार पिळता येत नाही, त्यामुळे ते काम नीट पार पडलं. दांडी बोल्टने बसवायची होती. तिथे तर भिंगरी शीळ घालत होता. गोंद सुकेपर्यंत तो रस्त्यावर फिरून यायचा, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याशी वाद घालायचा, वर यायचा, बोटाने हळूच फळी ठोकून पाहायचा. फळी ठणठण बोलायला लागली तेव्हा तो बायकोला हाताला धरून ओढतच घेऊन आला. "ऐक. ऐक तर."

"ऐकलं. दूध उतू जातंय."

शेवटी राहिला ब्रिज, म्हणजे फळीवर चिकटवायची ती आडवी लाकडी पट्टी, जिच्यात सगळ्या तारा अडकतात. तारांचा सगळा ताण त्या एका पट्टीवर. हे वाचलं आणि भिंगरीच्या अंगात जुना मेकॅनिक जागा झाला. कामावरच्या पेटीतून त्याने आपले लोखंडी क्लॅम्प काढले. भोकातून आत हात घालून ते बसवले, हाताला जातील तेवढे आवळले, आणि मग पान्याने आणखी एकेक पिळा दिला. कडेने गोंद भळभळ बाहेर आला. त्याने तो ओल्या फडक्याने पुसला आणि समाधानाने म्हणाला, "आता हत्ती लटकला तरी निघत नाही."

मुलगी निघणार त्याच्या आदल्या दुपारी त्याने तिला बोलावलं. तिची बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती. तिने गिटार मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा खरोखर उजळला. "बाबा, अहो, ही तर खरीच आहे!" ती एकेक तार लावत गेली, खुंटी पिळत गेली, कान देऊन स्वर जुळवत गेली. भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या घालत होता. पाचवी तार झाली, सहावी लागली. तिने खुंटी थोडी पिळली, आणि काडकन आवाज होऊन ब्रिज उखडला. तारा सापासारख्या उसळल्या. मुलीने दचकून गिटार अंगापासून लांब धरली.

तिने लोंबणाऱ्या तारा हाताने गोळा केल्या. मग ती म्हणाली, "असू दे बाबा."

भिंगरी तडक बाहेर पडला. लिफ्टमध्ये शिरला, सगळ्यात वर गेला, सगळ्यात खाली आला, पुन्हा वर गेला. शेजारची म्हातारी भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि त्याचं तोंड बघून आपल्या मजल्याचं बटण दाबायचंच विसरली. आपण जन्मात एकही गोष्ट या पोरीच्या हातात पुरी दिली नाही, हे त्याला तिथे, आरशासमोर, चांगलंच लागलं. रडू येत होतं आणि म्हातारी उतरत नव्हती.

परत आला तेव्हा तो पट्टी घेऊन खिडकीपाशी गेला आणि तिची खालची बाजू उजेडात धरली. लाकूड कोरं होतं. फळीचा कपचाही निघाला नव्हता, गोंदाचा नावालाही थर नव्हता. जो काही होता तो कडेला सुकून बसला होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"मीच केलं," तो म्हणाला. "इतकं आवळलं की सगळा गोंद बाहेर काढला. चिकटायला आत काही ठेवलंच नाही."

मुलगी जवळ आली. तिनेही पट्टी उलटी करून पाहिली. "मग पुन्हा लावू की."

"तू आवळ," भिंगरी म्हणाला. "माझ्या हाताला थांबता येत नाही."

दोघांनी जुना गोंद खरवडला, पॉलिश पेपर मारला, नवा गोंद लावला. मुलीने क्लॅम्प फिरवायला घेतला. पट्टीच्या कडेने गोंदाची बारीक ओळ दिसायला लागली.

"आणखी एक पि..." भिंगरीच्या तोंडून निघालंच. त्याने जीभ चावली.

"बस," मुलगी म्हणाली आणि हात काढून घेतला.

आता थांबायचं होतं. भिंगरीने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि खुर्चीत बसला. क्लॅम्पकडे बघायचा, मुलीकडे बघायचा. बायकोने चहा आणला तर तो हात न काढताच म्हणाला, "तिथेच ठेव." मुलगी समोर बसून शाळेबद्दल बोलत राहिली, किती वर्ग आहेत, खोली कशी मिळाली आहे, खिडकीतून काय दिसतं. एवढं सगळं तिने बापाला एका बैठकीत कधी सांगितलंच नव्हतं, कारण बाप बैठकीत असायचाच कुठे!

सकाळी तिने स्वतः क्लॅम्प सोडवला. "आज तारा लावू नकोस," भिंगरी म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत तरी नको. पुरता सुकू दे." बिनतारांची गिटार काखेला मारून ती गाडीत बसली. गाडी वळली तरी हा रस्त्यात उभा होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी घरात त्याने नुसता उच्छाद मांडला. फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. "मीच करतो," म्हणाला.

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "ती करेल. खाली जा, एक चक्कर मारून या."

"आणि तेवढ्यात आला म्हणजे?"

"मग बसा. पण त्या कपाटाला हात लावू नका."

संध्याकाळी फोन वाजला. मुलगी काही न बोलता वाजवायलाच लागली. भिंगरीने फोन कानाला घट्ट लावला. आधी त्याने फक्त लाकूड ऐकलं, कुठे करकरतंय का, कुठे सुटतंय का. काही सुटत नव्हतं. मग कुठे सूर त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याचे डोळे भरून आले. बायकोने स्पीकर लावायची खूण केली, ती त्याला दिसलीच नाही.

ती थांबली. "बाबा, ऐकलंत?"

"धरलाय," तो कसाबसा म्हणाला. "ब्रिज धरलाय."

"धरलाय. पण गिटार पुरी नाही झालेली. पाचच तारा लावल्यात. सहावी ठेवलीय."

"का? तुटली का? खुंटी फिरत नाही? हे बघ, खुंटीच्या मागे एक बारीक स्क्रू असतो..."

"काही बिघडलेलं नाही हो. ती तुम्ही लावायची आहे. इथे येऊन." तिने पाचही तारांवरून एकदा बोट फिरवलं. "बाबा, कधी होईल?"

भिंगरी उभाच होता. एवढ्या वर्षांनी तो प्रश्न त्याच्या कानावर पडला होता. आणि तोंडात शब्द आला तोच जुना.

"उद्या," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि त्याने कपाटावरची पिशवी काढली. टॉवेल टाकला, कपडे कोंबले, पेटी उघडून पाना टाकला. बायको मागे येऊन उभी होती. तिने पिशवीत हात घातला, पाना बाहेर काढला आणि परत पेटीत ठेवला.

"तार हातानेच लावतात," ती म्हणाली आणि त्याचे कोंबलेले कपडे काढून नीट घड्या घालायला बसली.