वाकड्या तोंडाला वन्स मोर

"बाई, हे नक्कल करत नाहीत. यांचा डावा चेहरा खरंच हलत नाहीये," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आमच्या मालकांना कोपरानं ढोसत होते. "बास करा की आता, दवाखाना हाय ह्यो," असं वर सुनावतही होते.

आमचे मालक, सर्जेराव, विनोदी नट. जत्रा, गणपतीची मंडळं, लग्नातली हळद, बोलावणं येईल तिथं जायचं. एका भुवईवर सरपंच उभा करतील, दुसरीवर त्याची सासू. अशा माणसाचं तोंड वाकडं झालं तर कोण म्हणेल आजार आहे?

आदल्या संध्याकाळी गडहिंग्लजला कार्यक्रम होता. जोडीदार मल्लाप्पा तिथलाच. तो गंभीर चेहऱ्यानं प्रश्न विचारतो, हे उत्तरं देतात, लोक लोळतात. मध्येच हे पाणी प्यायले आणि सगळं पाणी डाव्या ओठातून सदऱ्यावर आलं. पब्लिक उसळलं. वन्स मोर! ह्यांना स्वतःलाही कळेना काय झालं. तरी पठ्ठ्यानं परत पाणी घेतलं, परत सांडलं. टाळ्याच टाळ्या.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरीही तेच. जेवताना आमटी ओघळायला लागली. मी म्हटलं, "माझ्याफुडं न्हाय चालायचं, गप जेवा." सकाळी डावा डोळा मिटेना, तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कपाळावर आठ्या घालायला सांगितल्या. उजवीकडं पडल्या, डावीकडं कपाळ सपाट. हात-पाय, बोलणं, सगळं तपासलं, खात्रीला एमआरआय काढला. मग म्हणाले, "याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहरा हलवणारी नस सुजते आणि ती बाजू लुळी पडते. मेंदूचा झटका नाही हा." सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी.

ह्यांनी एकच विचारलं, "डॉक्टर, रंग लावता येईल का आता?"

"बहुतेकांचा चेहरा परत येतो. तुमचा किती येईल, कधी येईल, ते आज नाही सांगता येणार."

वकिलाचं तोंड वाकडं झालं तर वकिली थांबत नाही हो. ह्यांचं दुकानच चेहऱ्यावर.

वेटिंग रूममध्ये लोकांनी ओळखलं. ह्यांनी नुसतं मान वळवून बघितलं तर अख्खं बाकडं हसायला लागलं. हे उठून हात जोडून आले. मला रडू आलं, आणि अभिमानही वाटला. आतून मोडलेला माणूस, पण समोरच्याचं हसू त्यानं मोडलं नाही.

घरी पावणे-रावळे सुरू झाले. अंगावरून वारं गेलंय, अमक्याचा झाडपाला लावा, तमक्याकडं न्या. मी सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. गोळी मात्र एकही चुकवली नाही.

ह्यांना ओठ मिटता येईनात, त्यामुळं म आणि प उमटेनात. फोनवर मल्लाप्पाला हाक मारली ती 'अल्लाआ' अशी गेली. तो पलीकडं नुसताच हुंदके देत होता. दुसऱ्या नटाबरोबर उभा राहा म्हणून त्याला बोलावणी आली, तर मला म्हणाला, "अक्का, मला दुसऱ्या कुणाला प्रश्न इचारायला जमत न्हाय. सर्जादादा उठंस्तवर मी घरात बसतो."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी चेहऱ्याचे व्यायाम दिले. भुवया वर, गाल फुगवा, शीळ घाला, दात दाखवा. आरशासमोर करायचे. ह्यांनी आरशावर टॉवेल टाकला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

आता आमच्या घरचा एक रिवाज सांगते. नवीन विनोद आधी माझ्यावर चालवून बघायचा, मी भाकऱ्या थापत असताना. मी हसत नाही. लग्न झालं तेव्हाच ठरवलेलं, नवऱ्याच्या विनोदाला हसलं की तो डोक्यावर बसतो. लईच आवरेना झालं की मी भिंतीकडं वळते. मी वळले की विनोद पास.

त्या दिवशी हे भिंतीकडं, म्हणून मीच पदर खोचून त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. भुवया उडवल्या, गाल फुगवले, शीळ घालायला गेले तर थुंकी उडाली.

ह्यांचा उजवा गाल हलला. मग म्हणाले, "तसं न्हवं गं. हवा गालात धर. ही अशी." आणि मला शिकवायला म्हणून स्वतः गाल फुगवला. डावीकडून हवा सुटली. परत फुगवला. मला नटी करायच्या नादात ह्यांचे व्यायाम व्हायला लागले. रोज ओरडा मीच खायचे.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी डाव्या ओठाचा कोपरा थरथरला. मी झटकन भिंतीकडं वळले. मागून आवाज आला, "पास?" त्यातला प स्वच्छ होता. मी पदरात तोंड खुपसून रडत होते.

तुमच्या घरात असं झालं तर आमच्यासारखं हसत बसू नका. तोंड वाकडं, हात जड, बोलणं अडखळतंय, काहीही दिसलं तर लगेच उठायचं. झटका आहे की नस सुजलीय ते डॉक्टर ठरवतील. आणि आजारी माणसाला आरसा दाखवायच्या आधी आपण त्याच्यासमोर बसावं.

चेहरा बराचसा आला. हसताना डावा डोळा अजून जरा बारका होतो.

पुढचा पहिला कार्यक्रम ह्यांनी हट्टानं गडहिंग्लजलाच घेतला. मी पडद्याआड उभी. ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, घोट घेतला, थेंब सांडला नाही. मग लोकांकडं बघून म्हणाले, "पावणं, मागल्या येळंला हितंच माझं तोंड वाकडं झालं, आन् तुम्ही वन्स मोर मागितला! डॉक्टरनी सांगितलंय, आता वन्स मोर द्यायचा न्हाय."

माझ्या आसपास भिंत नव्हती. मी हसले. चांगली खदखदून, पब्लिकच्या वर आवाज गेला. हे बोलता बोलता थांबले. मल्लाप्पानं पुढचा प्रश्न विचारला, तरी ह्यांचं लक्ष नाही. पडद्याकडं वळून, कानावर हात ठेवून, माझ्याकडं बघत म्हणाले, "वन्स मोर!"

दिला की मग.