ताणावरची बाग

उपग्रहाच्या चित्रात आमची डाळिंबाची बाग मातकट रंगाची दिसत होती. फळबागांचे नकाशे करणारी मुलगी टॅब हाती धरून बांधावर उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, संगणक हिला पडीक म्हणतोय. तशीच नोंद गेली तर यंदा विमा नाही मिळायचा."

सूनबाई उसळली. "पडीक? अगं, बहर धरायचाय म्हणून महिनाभर पाणी तोडून ताण दिलाय मी! पानं गळणारच की!"

मुलगी निष्पर्ण ओळींकडे साशंकतेने पाहत राहिली. माझ्या मनात आले, उपोषित मनुष्यही दुरून रुग्णच भासतो. व्रत आणि क्षय यांची बाह्य लक्षणे एकसारखी. भेद असतो तो त्वचेच्या आत, आणि आकाशातील नेत्र तेथवर पोहोचत नाही. पण माझे नेत्र तरी कोठे पोहोचत होते? सूनबाईने ताण अधिक दिला असेल, तर?

सूनबाईने पुढे होऊन एका फांदीची साल नखाने खरवडली. आम्ही तिघेही श्वास रोखून वाकलो.

सालीखाली ओलसर, हिरवी रेघ होती.

मुलीने पडद्यावरचा मातकट चौकोन हिरवा केला. मी त्या व्रतस्थ झाडाची मनोमन क्षमा मागितली. शंका मीही घेतली होती.