वॉर्डातली केसकापणी

सिस्टर, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सगळ्यांनी तुमचे गोडवे गायले. मला काही ते पचलं नाही. कामाला तुम्ही वाघ होतात, कबूल. पण तुम्हाला येणारी किळस तुमच्यावरही वरचढ होती. ती गोष्ट तिऱ्हाइतासारखी सांगते, म्हणजे मधे तोंड घालायची सोय तुम्हाला उरणार नाही.

तर सिस्टरचा उभा जन्म मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात गेला, पण नाक काही सरावलं नाही. फिनेलखाली दबलेला लघवीचा वास, तेलकट उशा, गोळी गिळली का ते पाहायला रोज उघडायला लावायची तोंडं, सगळ्याची शिसारी यायची. तरी गालात दडवलेली एक गोळी त्यांच्या नजरेतून सुटेल तर शपथ.

तिथे एक बाई होती, कारखान्यात शर्टांना बटणं लावणारी. सगळे तिला बटणबाईच म्हणत. नळातून कोणीतरी शिव्या देतंय म्हणून तिने घरातले नळ चिंध्यांनी आवळून टाकले होते. धाकट्या भावाने आणून टाकलं. औषधं लागू पडली. सिस्टर रोज खाटेशी स्टूल ओढून बसायच्या.

"झोप?"

"लागली."

"जेवलीस?"

"भाजी खारट होती. पण जेवले."

"आणि नळ काय म्हणतो?"

"पाणी नाही, एवढंच म्हणतो हल्ली."

सिस्टरना हसू फुटलं. त्याच आठवड्यात बटणबाईने आपणहून केस विंचरून वेणी घातली. बाई पुन्हा स्वतःकडे बघू लागली, सिस्टरनी ओळखलं. डॉक्टरही घरी पाठवायला राजी झाले. आता भावाने येऊन न्यायचं, एवढंच बाकी होतं.

भाऊ यायचा होता त्याच सकाळी वॉर्डात केसकापणी निघाली. उवांसाठी तिथे सरसकट सगळ्यांचे केस उतरवतात, खाटांच्या ओळीने. सिस्टर पलीकडे गोळ्यांची ट्रॉली ढकलत होत्या. मशीनची घरघर कानावर आली, ओल्या फरशीवरचे केसांचे पुंजके डोळ्यांसमोर आले, आणि त्यांनी तिकडे फिरकायचंच टाळलं.

भाऊ आला तो नाकाला रुमाल लावूनच. समोर बहीण: डोकं भादरलेलं, नाडी नसलेला वॉर्डाचा गाऊन मुठीत आवळलेला.

"हिला बरी म्हणता तुम्ही?"

"केस आम्ही कापलेत. उवा होऊ नयेत म्हणून."

"उवा? म्हणजे आता त्याही घरी न्यायच्या?"

"अरे, मी नीट बोलतेय ना तुझ्याशी?" बटणबाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, आमच्याकडे चार लोक येतात-जातात. आणि ही एकटीच बडबडत बसली तर?"

"मीही बडबडते. तुमच्यासारखे भेटले की मोठ्याने."

"ते तुमचं तुम्ही बघा. माणसासारखी दिसायला लागली की कळवा." गेला.

सिस्टरनी साबण लावलावून हात धुतले, मग वॉर्डातल्या मावशीला फैलावर घेतलं. मावशी कसली ऐकून घेते! "ओळीत होती, कापले. हिला सोड म्हणून सांगायचं होतंत."

संध्याकाळी बटणबाईने त्यांना दाराशी गाठलं. "सिस्टर, माझा निळा ड्रेस घरी कपाटात आहे. डोक्याला बांधायचा रुमालही आहे. ते घालून उभी राहिले ना, की नेईल तो. वाईट नाही हो, दिसण्यावर जातो फक्त."

"मी आणते. घर माझ्या वाटेवरच आहे."

आणि गेल्याही, गल्लीच्या तोंडापर्यंत. भाऊ बनियनवर गॅलरीत उभा राहून चुळा भरत होता. भरायचा आणि खाली रस्त्यावर थुंकायचा. त्या माणसाच्या दारात उभं राहायचं, त्याच्या हातून कपडे घ्यायचे? उद्या बघू, म्हणाल्या.

मग रोज तेच. बटणबाई गोळी गिळायची, तोंड उघडायची, जीभ उचलून दाखवायची आणि तोंड मिटता मिटता विचारायची, "ड्रेस?"

"उद्या गं."

केस कानांपर्यंत आले आणि पुन्हा ओळीने उतरले. सिस्टर तोवर दुसऱ्या रस्त्याने घरी जाऊ लागल्या होत्या.